शुक्रवारचे पांढरे मोजे

"आमच्या घरात पिसवा? शक्यच नाही हो डॉक्टर!"

लोणावळ्यात इतकी वर्षं मांजरं तपासतोय, हे वाक्य चुकलेला आठवडा आठवत नाही. तुंगार्लीच्या एका काकूंची मनी पोटावरून आणि मांड्यांच्या आतून चाटून चाटून पार सोलवटलेली. मानेवर, शेपटीच्या बुडाशी हात फिरवला की बाजरीचे दाणे लागावेत तशा खपल्या. काकूंचं निदान तयार होतं: सुकट खाऊन अंगात उष्णता झाली.

फणी फिरवली, पिसू एकही नाही. मांजर दिवसभर चाटत बसतं, म्हणजे पुरावाच गिळून टाकतं. (त्यातूनच पुढे पोटात पट्टकृमी होतात, तो वेगळा किस्सा.) मग आमची जुनी युक्ती. फणीतला काळा कचरा ओल्या कापसावर झटकला. माती असती तर काळीच राहिली असती. लालसर ओघळ उतरले. पिसूची विष्ठा म्हणजे पचलेलं रक्तच. काकू जरा वेळ गप्प, मग म्हणाल्या, "शेजारच्या बोक्याची असेल."

असेलही! वावडं असतं ते पिसूच्या लाळेचं. ज्या मांजराला ते आहे, त्याला दोन-चार चावेही पुरतात. बोका मात्र अंगभर पिसवा घेऊन खुशाल घोरतो.

घाम फुटला तो एकाच रात्री. कामशेतहून भर पावसात एक मुलगा टोपलीत मांजर घेऊन आला, सगळं अंग झटके देत होतं. घरातलं कुत्र्याचं औषध त्यानं तिच्या मानेवर ओतलं होतं. पर्मेथ्रिन कुत्र्याला चालतं, मांजराच्या यकृताला त्याचा निचरा करता येत नाही. कोमट पाण्यानं धुतलं, झटक्यांवर इंजेक्शनं दिली. पहाटे तिनं मान उचलली तेव्हा मुलगा दारातच बसल्याबसल्या झोपला होता.

पण लोणावळ्याचा अस्सल मामला बंद बंगल्यांचा. पाच दिवस कुलूप, भिंतींना ओल, सोफ्यावर माळ्याच्या मांजराचा मुक्काम. पिसूची एक मादी दिवसाला 40-50 अंडी घालते; ती अंगावरून घरंगळून गालिच्यात जातात. कोशातली पिसू महिनोन्‌महिने दम धरते आणि पावलांचा हादरा, अंगाची ऊब लागली की बाहेर उडी. शनिवारी मुंबईची मंडळी दार उघडतात ती घोटे खाजवतच. खापर मांजरावर, त्याची हकालपट्टी. आता उपाशी पिसवांनी जायचं कुठे? माणसांवरच!

एका बंगल्यावरच्या वॉचमन मामांना मी सांगितलं: मांजराला दर महिन्याला औषध, खोळी गरम पाण्यात, गालिच्यावर व्हॅक्यूम. तपासणीची तऱ्हा मात्र त्यांची स्वतःची. शुक्रवारी संध्याकाळी गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे चढवायचे आणि पाय आपटत सगळ्या खोल्यांतून फेरी मारायची. मोज्यांवर काळे ठिपके दिसले की मला फोन.

परवाचा फोन एवढाच: "डॉक्टर, डाव्या पायावर 7, उजव्यावर 2. दिवाणखान्यातच हाय बघा."