नाताळचे पान

बेळगाव-खानापूरकडील आमच्या भाविकांच्या घरी एके काळी नाताळच्या आधी आठ दिवस कढई चुलीवरून उतरत नसे. थोरली जाऊ नेवऱ्यांचे सारण करी, धाकट्या जावा नव्या फणीवर कुलकुलांना वळण देत, आणि मुले खोबरे किसता किसता निम्मे फस्त करीत. आज घर आहे, कढई आहे. जावा मात्र पुण्यास, दुबईस आणि टोरांटोस आहेत.

गतवर्षी सणानंतरच्या घरभेटीत एका वृद्ध बाईंनी आम्हांपुढे बेकरीतला केक ठेवला. "फादर, यंदा कोणीच आले नाही. कुणासाठी तळायचे?" त्यावर आम्ही, सांगावयास लाज वाटते, उपदेशाचे चार शब्द बोललो आणि मुलांना दोष दिला. बाईंचा चेहरा उतरला. मुलांना ठेवलेला बोल कोणत्या आईस रुचतो? पायऱ्या उतरताना आमच्या ध्यानी आले की, येथे दोष कोणाचा असेल तर तो २५ तारखेच्या दुपारचा हट्ट धरणाऱ्या आम्हां सर्वांचा आहे.

पवित्र ख्रिस्तसभेने हा हट्ट कधीच धरलेला नाही. नाताळ हा एका दिवसाचा सण नव्हे. त्याचा अष्टाह १ जानेवारीस, देवमाता पवित्र मरियेच्या सणाने पूर्ण होतो. आणि नाताळचा काळ त्याही पुढे, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. पूर्वी ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्यास मध्यरात्रीपासून उपवास असे. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली तो तीन तासांवर आणला, पोप सहावे पॉल यांनी १९६४ साली एका तासावर. माणसांच्या अडचणी पाहून प्रभूच्या मेजाचा नियम सैल होतो. मग आमच्या घरच्या मेजाचा का होऊ नये?

दुबईत नाताळची सार्वजनिक सुट्टी नसते, १ जानेवारीची असते. पुण्याच्या सुनेलाही माहेर आहे. २५ तारीख तिकडे गेली तर २७ इकडे येईल. सोरपोतेल तर मुरल्यावरच खरे लागते, त्याला दोन दिवस थांबण्याचे दुःख नाही. ज्यांना येणे शक्यच नाही त्यांच्यासाठी थोडे गणित करावे. बेळगावास दुपारी १ वाजता पान मांडले, तर टोरांटोत रात्रीचे अडीच वाजलेले असतात. तेच रात्री ८ वाजता मांडले, तर तेथे सकाळचे साडेनऊ आणि दुबईत सायंकाळचे साडेसहा. भोजनापूर्वीची प्रार्थना तिन्ही घरांनी मोबाइलवर एकत्र म्हणावी. नंतर मात्र तो मिटून ठेवावा. ताटातले थंड होते.

एक गोष्ट येणाऱ्यांसाठी. सत्तरीच्या आईने सारे रांधून ठेवावे आणि आपण पानावर बसावे, ही रीत आम्हांस पसंत नाही. एक दिवस आधी या, आणि लाटणे हाती घ्या.

त्या बाईंचा परवाच निरोप आला. नेवऱ्या ३० तारखेस तळावयाच्या आहेत, थोरला ३१ ला पहाटे उतरतो आहे. २५ ला शेजारच्या एकट्या शिक्षिकाबाईंना जेवावयास बोलाविले आहे. १ तारखेस फादरांनी यावे. येताना उपदेश आणू नये, दोन नारळ आणावेत.