ज्वालामुखीजन्य पुळण

ज्वालामुखीजन्य पुळण : ज्वालामुखी खडकांच्या कणांनी बनलेली समुद्रकाठची वाळूची पट्टी. पुळणीवरील वाळू सामान्यतः क्वॉर्ट्‌झाचे कण व शिंपल्यांचा चुरा यांची असून ती फिकट दिसते. ज्वालामुखीजन्य पुळण मात्र काळी व क्वचित हिरवी वा तांबडी असते.

तप्त लाव्हा समुद्रात शिरला म्हणजे तो एकाएकी थिजतो, तडकतो व त्याचा काचेसारखा काळा चुरा होतो. हवाई बेटावरील पुनालूऊ येथील पुळण अशा चुऱ्याची आहे. लाव्ह्याचा ओघ आटला की वाळूचा पुरवठा थांबतो. त्यामुळे अशा पुळणी भूवैज्ञानिक दृष्ट्या अल्पायुषी ठरतात. त्याच बेटावरील काइमू ही प्रसिद्ध काळी पुळण तर १९९० मध्ये कीलाउएआ ज्वालामुखीच्या लाव्ह्याखालीच गाडली गेली.

हवाई बेटाच्या दक्षिण टोकाजवळची पापाकोलेआ पुळण हिरवी आहे. येथील राखेच्या शंकूची एक बाजू समुद्राने कापून काढली असून त्यातील ऑलिव्हीन हे जड खनिज तळाशी साचले आहे. हलकी राख व काचकण लाटांनी वाहून नेले. तेथे जाण्यास पक्का रस्ता नाही. दक्षिण टोकाकडून किनाऱ्याच्या कडेने सु. ४ किमी. उघड्या, वाऱ्याच्या माळावरून चालावे लागते व शेवटी शंकूच्या तीव्र उतारावरून खाली उतरावे लागते. वाहनांच्या वर्दळीने या माळावर खोल चाकोऱ्या पडल्या आहेत. हवाईत पुळणीवरील वाळू नेण्यास कायद्याने बंदी आहे.

महाराष्ट्रात जागृत ज्वालामुखी नाही. तरीही कोकणात काळी पुळण आहे व तिचे मूळ ज्वालामुखीच आहे. दक्षिण ट्रॅपचे बेसाल्ट सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरून तयार झाले. पन्हाळा ते विशाळगड ही वाट पायी चालणाऱ्यास हाच काळा पाषाण व माथ्यावरील जांभा सतत पायाखाली लागतो. विशाळगड परिसराच्या पूर्व उतारावरील पाणी कासारी, पंचगंगा व कृष्णा या नद्यांतून बंगालच्या उपसागराकडे जाते. पश्चिमेकडील पाणी काजळी व मुचकुंदी या नद्यांतून अनुक्रमे भाट्याच्या व पूर्णगडच्या खाडीत उतरते. एकाच डोंगराची झीज अशी दोन समुद्रांत वाटली जाते.

उष्ण व दमट हवेत बेसाल्टातील ऑलिव्हीन सर्वांत आधी कुजते, म्हणून कोकणात हिरवी पुळण आढळत नाही. पायरोक्सीन व फेल्स्पार यांचीही हळूहळू माती होते. इल्मेनाइट व मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजे मात्र टिकून राहतात. इल्मेनाइटाचे वि. गु. सु. ४·७, तर क्वॉर्ट्‌झाचे २·६५ आहे. पावसाळी लाटा हलकी वाळू आत ओढून नेतात व जड काळे कण काठावर राहतात. हिवाळ्यात शांत लाटांबरोबर फिकट वाळू परतते. म्हणून एकच पुळण ऋतूनुसार कमीअधिक काळी दिसते. कोरडी वाळू लोहचुंबकाने ढवळल्यास चटकन चिकटणारे कण मुख्यतः मॅग्नेटाइटाचे असतात. इल्मेनाइट क्षीण चुंबकीय असते.

रत्नागिरीत हा भेद शेजारी शेजारी पाहावयास मिळतो. समुद्रात घुसलेल्या रत्नदुर्गाच्या डोंगराच्या दक्षिणेस, काजळीच्या मुखालगत, मांडवीची पुळण काळी आहे. उत्तरेकडील पुळण फिकट आहे. स्थानिक लोक त्यांना ‘काळा समुद्र’ व ‘पांढरा समुद्र’ म्हणतात, पण रंग पाण्याचा नसून वाळूचा आहे. दक्षिणेस सिंधुदुर्ग जिल्ह्यात ट्रॅपखालचे कलादगी वालुकाश्म व त्याहून जुने खडक उघडे पडल्याने क्वॉर्ट्‌झाचे प्रमाण वाढते व पुळणी उजळ होतात.

इल्मेनाइटापासून रंग, कागद इ. उद्योगांना लागणारे टायटॅनियम डाय-ऑक्साइड मिळते. शुद्ध इल्मेनाइटात त्याचे प्रमाण सु. ५२·६ टक्के असते. केरळातील चवरा येथील इल्मेनाइटात ते सु. ६० टक्क्यांपर्यंत जाते. केरळातील वाळूत आढळणारे मोनॅझाइट रत्नागिरीच्या वाळूत जवळजवळ नाही, कारण मूळ खडकच निराळा आहे. २०२३ मध्ये भारत सरकारने टायटॅनियमाचा समावेश महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत केल्यापासून अशा वाळूचे मोल वाढले आहे. परंतु पुळण हा निव्वळ खनिजसाठा नव्हे. लाटांचा जोर तीच प्रथम झेलते. रत्नागिरीनजीक मिऱ्या येथे समुद्राने किनारा खात आणल्याने दगडी बंधारे घालावे लागले असून तेही वारंवार ढासळले आहेत. नद्यांतील वाळूउपसा व बंधारे यांमुळे वरून येणारा गाळ घटल्यास ही झीज भरून निघणे कठीण आहे.