बोटीचा रंग काय सांगतो

लेखमाला : हातभर गोदी | लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण रबराच्या साच्यात रेझिन ओतलं आणि रात्रभर त्याला हात लावायचा नाही, असं ठरवून थांबलो. आज साचा उघडायचा आहे.

रबराच्या कडा हळूहळू मागे ओढल्या की फिकट पिवळसर रंगाची, सदतीस सेंटिमीटर लांब आणि पाच सेंटिमीटर रुंद अशी जड वस्तू हातात येते. ही आपली ‘फोर्ट स्टिकीन’. मूळ मालवाहू बोट सुमारे ४२४ फूट लांब आणि ५७ फूट रुंद होती. आपलं प्रमाण १:३५० आहे, म्हणजे टेबलावरच्या एका सेंटिमीटरमध्ये खऱ्या बोटीचे साडेतीन मीटर मावतात.

मालिका मध्येच वाचायला घेतलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. ही बोट १९४२ साली कॅनडातल्या प्रिन्स रुपर्ट इथे बांधली गेली. इंग्लंडहून कराचीमार्गे १२ एप्रिल १९४४ रोजी ती मुंबईत आली आणि व्हिक्टोरिया गोदीत लागली. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, कराचीत भरलेल्या कापसाच्या ८,७०० गासड्या, शिवाय सोन्याच्या विटा. १४ एप्रिलला दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी तिचा स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसं गेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो त्यांच्याच स्मरणार्थ.

आमच्या भांडुपच्या चाळींत गोदी कामगारांची घरं बरीच होती. पहाटेची लोकल धरून मस्जिद बंदरला उतरायचं आणि गोदीत शिरायचं, हा त्यांचा रोजचा क्रम. त्यांच्या बोलण्यात ‘जहाज’ कधी यायचं नाही. ‘बोट लागली’, ‘बोट सुटली’, ‘बोट रिकामी झाली’ असंच ते म्हणायचे. म्हणून या मालिकेतही ती बोटच आहे.

जाळी पडली तर

माझं पहिलं ओतकाम वाया गेलं. साचा उघडला तर अनारशाला पडावी तशी सगळीकडे जाळी पडलेली. कारण साधं होतं. मी ते जुलैत ओतलं होतं. पॉलियुरेथेन रेझिनचे दोन भाग असतात. त्यातल्या एकात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं आणि त्याचं पाण्याशी जमत नाही. हवेतली ओल मिळाली की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तो आतच अडकून बुडबुडे होतात. पावसाळ्यात डोंगराच्या कुशीतल्या आमच्या घरांत भिंतींनाही घाम फुटतो. तेव्हा ओतकामाचा मुहूर्त धरायचा तो दिवाळीनंतरचाच. उघडलेल्या बाटलीचं झाकणही लगेच घट्ट लावायचं.

ओतकाम चांगलं उतरलं तरी ते लगेच रंगवता येत नाही. साच्यातून वस्तू सुटावी म्हणून लावलेला तेलकट थर तिच्यावर असतो. भांडी घासायच्या साबणाने, कोमट पाण्यात, जुन्या टूथब्रशने ती धुवायची. रेझिन ओतलं त्या जागी राहिलेला ठोकळा बारीक करवतीने कापायचा. मग वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासकाम करायचं. कोरडं घासू नका. रेझिनची भुकटी अगदी बारीक असते आणि ती छातीत जाते. मास्क लावा आणि घासलेलं पाणी जमिनीवर वाळू देऊ नका.

एखादा सुटा भाग वाकडा निघाला तर घाबरायचं कारण नाही. गरम पाण्यात तो मऊ होतो. सपाट काचेवर सरळ करून थंड पाण्यात सोडला की तसाच राहतो. राहिलेल्या भोकांत लांबी भरायची. चिकटवायला प्लास्टिकच्या मॉडेलचा सिमेंट इथे चालत नाही, कारण तो पॉलिस्टायरीन विरघळवून सांधतो आणि हे रेझिन त्याला दाद देत नाही. फेविक्विक किंवा अ‍ॅराल्डाइट घ्या.

लिबर्टी नव्हे, फोर्ट

सोपा मार्ग सोडून साचा स्वतः का बनवला, असं काही वाचकांनी विचारलं आहे. युद्धकाळातल्या लिबर्टी बोटींचे तयार संच बाजारात मिळतात. लिबर्टी आणि फोर्ट या दोन्ही बोटी एकाच ब्रिटिश आराखड्याच्या लेकी आहेत, पण चेहरा वेगळा. लिबर्टीच्या मध्यावर एकच मोठी इमारत असते. फोर्टच्या मध्यावर दोन सुट्या इमारती असतात. पुढच्या इमारतीवर कप्तानाचा ब्रिज, मागच्या इमारतीवर धुरांडं आणि दोहोंच्या मध्ये तिसऱ्या कोठाराचं तोंड. लिबर्टीची इमारत फोडून फोर्ट करण्यापेक्षा मुळापासून करणं मला प्रामाणिक वाटलं.

पातळ, आणखी पातळ

भांडुपला एलबीएस मार्गावर एशियन पेंट्सचा कारखाना होता. शेजारचे एक काका तिथे कामाला होते. ते म्हणायचे, “रंग आपण चढवत नाही, खालचा पत्रा त्याला चढवून घेतो.” चाळीच्या खिडकीचे गज रंगवताना ते दोन दिवस फक्त खरवडायचे आणि रंग लावायला त्यांना एक तास पुरायचा. रेझिनला हे दुप्पट लागू आहे. प्रायमरशिवाय त्यावर रंग धरतच नाही. टेप काढताना सोलून निघतो.

आता एक हिशेब करा. तुम्ही कागदाइतका, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका जाड रंग लावलात, तर खऱ्या बोटीवर तो साडेतीन सेंटिमीटरचा गिलावा झाला. दाराच्या कडा, खिडक्यांच्या चौकटी सगळं त्यात बुडून जाईल. म्हणून रंग दुधाइतका पातळ करायचा आणि चार-पाच हात द्यायचे. प्रत्येक हातानंतर खालचं थोडं दिसलं पाहिजे.

रंग डबीतून निघाला तसा लावायचा नाही, त्यात थोडा पांढरा मिसळायचा. भांडुप स्टेशनाच्या पूर्वेला, पंपिंग स्टेशनच्या बाजूला उभं राहून पश्चिमेचा डोंगर पाहा. खिंडीपाड्यात पायाशी गर्द हिरवा असलेला तोच डोंगर तिथून राखाडी-निळा दिसतो. अंतर रंग खातं. साठ सेंटिमीटरवरून आपली बोट पाहणं म्हणजे खरी बोट २१० मीटरवरून पाहणं. तेवढ्या अंतराची हवा रंगात मिसळावी लागते.

तांबडा पट्टा

आधी तांबडा, मग राखाडी. बोटीचा पाण्याखालचा भाग तांबूस असतो, कारण तिथल्या रंगात शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून तांब्याचा ऑक्साइड आणि गंज धरू नये म्हणून लोखंडाचा ऑक्साइड घालतात. आपल्या जिन्याच्या कठड्याला लावतात त्या रेड ऑक्साईडचीच ही भावंडं.

हा पट्टा किती रुंद दिसला पाहिजे? ते माल किती आहे यावर ठरतं. बोट भरलेली असेल तर तांबडा रंग पाण्यात दडतो, रिकामी झाली की वर येतो. एवढ्या आकाराची बोट एक इंच वर यायला ढोबळमानाने पन्नास टन माल उतरावा लागतो. आपली बोट १४ एप्रिलच्या सकाळची आहे. माल उतरायला सुरुवात झालेली, पण बराचसा अजून पोटात. मी दोन मिलिमीटरचा पट्टा ठेवला. खऱ्या बोटीवर तो सत्तर सेंटिमीटर, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस इंच होतो. टेपची ही एक कड सरळ लावण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. ती कड म्हणजे बोटीचा वजनकाटा आहे.

बोटीच्या मध्यावर गोल आणि त्यातून जाणारी आडवी रेघ असते, ती प्लिमसोलची खूण. बोटी बेसुमार भरून खलाशांचे जीव जात होते, त्याविरुद्ध सॅम्युएल प्लिमसोल ब्रिटिश संसदेत लढला आणि १८७६ साली ही खूण कायद्याने सक्तीची झाली. खरा गोल बारा इंचांचा. आपल्या प्रमाणात तो एका मिलिमीटरपेक्षाही लहान होतो. सुईच्या टोकाने एक पांढरा ठिपका ठेवा, पण ठेवा.

काजळी आणि गंज

पाण्याच्या वर सगळी बोट युद्धकाळातली राखाडी, धुरांड्यासकट. शांततेच्या दिवसांत धुरांड्यावरच्या रंगांवरून बोट कोणत्या कंपनीची ते लांबून कळायचं. युद्धाने ती ओळख पुसली होती.

या बोटी कोळशावर चालत. बोट पुढे जाते आणि धूर मागे पडतो, म्हणून धुरांड्याच्या मागचा भाग पुढच्यापेक्षा मळका हवा. गंज मात्र मन मानेल तिथे फासू नका. तो पाण्याची वाट धरतो. नांगराच्या साखळीच्या भोकाखाली, डेकवरचं पाणी बाहेर पडतं त्या तोंडांखाली, आणि सरळ खालीच. तपकिरी तैलरंगाचा बारीक ठिपका ठेवायचा आणि टर्पेंटाइनमध्ये जेमतेम ओल्या केलेल्या ब्रशने तो खाली ओढायचा. बोट तेव्हा दोनच वर्षांची होती. तिला म्हातारी करू नका.

दोन नंबरच्या कोठाराची बाजू

आता ज्यासाठी हा लेखांक लिहायचा होता, तिथे येतो. त्या दुपारी आग दोन नंबरच्या कोठारात होती. जवान वरून पाणी ओतत होते, पण धुरामुळे ती नेमकी कुठे पेटली आहे ते दिसत नव्हतं. मग बोटीच्या बाजूच्या पत्र्यावर एक जागा तापली आणि तिथला रंग फुगून सुटायला लागला. आग या पत्र्यामागे आहे, हे रंगाने सांगितलं. पत्रा कापून पाणी आत सोडावं म्हणून गॅस कटर मागवला. तो चालला नाही. जवान मात्र तिथेच थांबले.

म्हणून मी रंगाला शेवटची सजावट मानत नाही. बोट किती भरली आहे, काय जाळून चालते, तिच्या अंगावरून पाणी कुठून उतरतं आणि आत काय पेटलं आहे, हे सगळं ती बाहेरच्या रंगातून सांगते. प्रतिकृती रंगवताना आपण ते वाचायला शिकतो.

तो फुगलेला रंग दाखवायचा मोह मला झाला होता. भिंगाखाली सुईने तो जमलाही असता. पण आपली बोट सकाळची आहे. त्या सकाळी रात्रपाळीचे जवान घरी परतत होते आणि दिवसपाळीचे कामावर येत होते. दोन नंबरच्या कोठाराची बाजू मी तीनदा घासली, पाच पातळ हात दिले आणि तिथे गंजाची एकही रेघ ओढली नाही. तो पत्रा थंड आहे. त्यावर हात ठेवता येईल.

(पुढील आठवड्यात : डोलकाठ्या, डेरिक आणि दोर. स्फोटकं असलेल्या बोटीवर लावायचं तांबडं निशाण त्या दिवशी या बोटीवर नव्हतं, त्याविषयीही.)