मुक्या सोबत्याची परदेशयात्रा

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या उपनगरांत ज्या घरांतील कोणी नोकरीसाठीं परदेशीं गेलेलें नाहीं, असें शिकलेलें घर आतां विरळाच. नोकरीचें पत्र हातीं आलें, कीं पासपोर्ट, व्हिसा, मुलांच्या शाळेचे दाखले यांची धांवपळ सुरू होते. आणि सामान बांधून होत आलें म्हणजे कोणाला तरी आठवण होते, कीं दाराशीं शेपटी हालवीत बसलेल्या कुत्र्याचें काय करावयाचें? तोंवर बहुधा उशीर झालेला असतो. माणसाचा व्हिसा कांहीं आठवड्यांत मिळूं शकतो. कुत्र्या-मांजराच्या तयारीला महिने लागतात, आणि ते पैसे खर्चून कमी करतां येत नाहींत.

ह्याचें कारण रेबीज हा रोग. १८८५ सालीं पाश्चरनें ह्या रोगाची लस प्रथम माणसाला टोंचली. तरी भारतांतून तो अद्यापि गेलेला नाहीं. त्याचें विष अंगांत शिरल्यावर लक्षणें दिसावयास आठवडे, कधीं महिनेहि लागतात, आणि तोंवर जनावर अगदीं धडधाकट दिसतें. म्हणून ज्या देशांनीं हा रोग घालविला, ते आपल्याकडील प्राण्याकडे सावधपणें पाहतात. ब्रिटनमध्यें तर २०११ सालच्या अखेरपर्यंत आपल्याकडून गेलेल्या कुत्र्यास सहा महिने विलग ठेवीत. ती कैद आतां गेली. तिच्या ऐवजीं प्रतीक्षा आपल्याच घरीं करावयाची आहे.

युरोपीय संघाचे देश व ब्रिटन यांनीं घालून दिलेला क्रम असा: प्रथम कातडीखालीं तांदुळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवावयाची. तिच्यांत पंधरा अंकी क्रमांक असतो. तीच त्या प्राण्याची ओळख. त्यानंतर रेबीजची लस. त्या वेळीं पिल्लू निदान बारा आठवड्यांचें हवें. लशीनंतर निदान तीस दिवसांनीं रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावयाचें. लस अंगीं लागली कीं नाहीं, हें त्यावरून कळतें. निकाल चांगला आला, तर रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबावयाचें. १० जानेवारीला चिप व लस झाली आणि १० फेब्रुवारीला रक्त काढलें, तर १० मेपूर्वीं निघतां येणार नाहीं. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुष्कळ घरांत कुत्र्याला दरवर्षीं लस दिलेली असते. पण चिप बसविण्यापूर्वींची लस ह्या कामीं धरली जात नाहीं, ती पुन्हां टोंचावी लागते.

इतर देशांची तऱ्हा निराळी. जपान रक्त काढल्यापासून १८० दिवसांची मुदत मागतो. ऑस्ट्रेलियांत भारतांतून प्राणी थेट नेतांच येत नाहीं. मध्यें दुसऱ्या मान्य देशांतून जावें लागतें. अमेरिकेनें ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम कडक केले असून सहा महिन्यांहून लहान पिल्लास तेथें प्रवेश नाहीं. नियम बदलत असतात. म्हणून त्या त्या देशाचे चालू नियम स्वतः वाचावेत, ऐकीव माहितीवर विसंबूं नये. शेवटीं निघण्याच्या सुमारास केंद्र सरकारच्या पशु-विलगीकरण व प्रमाणपत्र खात्याच्या मुंबई कचेरींतून आरोग्याचा दाखला घ्यावयाचा असतो.

कागद जमविले म्हणजे तयारी झाली, असें मात्र नव्हे. ज्या पिंजऱ्यांतून प्रवास व्हावयाचा, त्यांत प्राण्यास नीट उभें राहतां, वळतां व निजतां आलें पाहिजे. तो पिंजरा महिना-दोन महिने आधींच घरीं आणून दार उघडें ठेवून द्यावा; आंत घरच्या माणसाचें जुनें वापरलेलें लुगडें किंवा चादर घालावी; जेवण तेथेंच द्यावें. म्हणजे पिंजरा शिक्षा न वाटतां बिछाना वाटूं लागतो. प्रवासांत झोंपेचें औषध देण्याचा मोह टाळावा. उंचीवर त्यानें श्वास व रक्तदाब बिघडूं शकतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उष्म्यांत आधींच श्वासाचा त्रास. त्यांच्याविषयीं डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. ब्रिटनला जाणारा प्राणी मालविभागांतूनच धाडावा लागतो, तेव्हां विमानतळावर पुष्कळ आधीं पोंचावें लागतें. पावसाळ्यांत बोरिवली-मुलुंडहून निघणाऱ्यांनीं हाताशीं जास्तच वेळ ठेवावा.

आतां सर्वांत अवघड प्रश्न: न्यावें कीं ठेवावें? एकत्र कुटुंबांत कुत्रें एकट्या मुलाचें नसतें. सकाळीं त्याला फिरावयास नेणारे आजोबा आणि दुपारीं त्याच्यापुढें भात कालवून ठेवणारी आजी यांचाहि त्यावर हक्क असतो. मुलगा, सून, नातवंडें गेल्यावर रिकाम्या घरांत तोच एक सोबती उरतो. शिवाय म्हाताऱ्या, आजारी जनावरास एवढा प्रवास व परकी थंडी सोसेल काय, हेंहि पाहिलें पाहिजे. उलट, फिरविणारें धडधाकट माणूस घरीं उरणार नसेल, तर आजोबांच्या गळ्यांत तें ओझें टाकणें योग्य नव्हे. धर्मराजानें कुत्र्यावांचून स्वर्गांत पाऊल टाकण्याचें नाकारलें. पण त्याच्यामागें हस्तिनापुरांत त्या कुत्र्याची वाट पाहणारें म्हातारें माणूस नव्हतें! सारांश, हा निर्णय सर्वांनीं एकत्र बसून, वडील माणसांना त्यांचें मन मोकळेपणीं बोलूं देऊन करावा.

एक मार्ग मात्र कोणीहि पत्करूं नये. निघण्याच्या दिवशीं प्राण्यास दूरच्या गल्लींत सोडून देणें हें निव्वळ निर्दयपण तर आहेच. पण उपाशी-तहानेला राहील अशा स्थितींत प्राण्यास टाकणें हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणें गुन्हाहि आहे. नेतां येत नसेल, तर विश्वासाचें दुसरें घर शोधावें आणि तेथें त्यास अगोदर चार-दोन वेळां नेऊन रुळवावें. त्यालाहि महिने लागतात. म्हणून नोकरीचें पत्र येईल त्याच आठवड्यांत हा प्रश्न घरांत काढावा.