हाकेला पोच हवी

मालवण तालुक्यातील तोंडवलीचा नकाशा पाहिला, तरी तेथील जीवनाचा निम्मा अर्थ उमगतो. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास खाडी, मध्ये वाळूचा आणि माडांचा चिंचोळा पट्टा आणि त्या पट्ट्याच्या टोकाशी तळाशील. या किनाऱ्यावरील रापण ही मासेमारीची जुनी रीत होय. होडीतून समुद्रात जाळ्याचा अर्धवर्तुळाकार वेढा टाकावयाचा, दोन्ही टोके काठावरून अनेकांनी मिळून ओढावयाची आणि जे मिळेल ते वाट्यांप्रमाणे विभागून घ्यावयाचे. सरकारच्या नव्या तंत्रज्ञानाची परीक्षा सचिवालयाच्या दालनात होत नाही. ती अशाच किनाऱ्यावर व्हावयाची असते.

या बाबतीत सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हैदराबाद येथे १९९९ साली स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांच्या साह्याने समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्याचा रंग मोजते. थंड व उष्ण पाणी जेथे मिळते, जेथे सूक्ष्म वनस्पती वाढते, तेथे मासळी जमण्याचा संभव अधिक. त्यावरून दिशा, अंतर व खोली सांगणारी सूचना मच्छीमारांना त्यांच्या भाषेत दिली जाते. परंतु रापणीची होडी दूरच्या समुद्रात जाऊ शकत नाही. जिच्यापाशी मोठे यंत्र आणि पुरेसे इंधन आहे, त्या नौकेलाच या ज्ञानाचा खरा लाभ. माहिती सर्वांना खुली केली म्हणजे ती सर्वांना सारखीच उपयोगी पडते, असे मुळीच नव्हे.

इशाऱ्याची गोष्ट याहून गंभीर आहे. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळ उठले, तेव्हा केरळ व तामिळनाडूतील शेकडो मच्छीमार प्राणांस मुकले. वाऱ्याने भरकटलेल्या अनेक नौकांनी आपल्याच देवगड बंदरात आसरा घेतला. आधीच खोल समुद्रात गेलेल्यांपर्यंत इशारा पोहोचविण्याचे साधन नव्हते, कारण किनाऱ्यापासून दहाबारा किलोमीटरांपलीकडे मोबाइल चालत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘जेमिनी’ हे उपग्रहाद्वारे संदेश घेणारे यंत्र आले. मात्र ते ऐकते, बोलत नाही. उलट, संकटात सापडलेल्या नौकेने मदतीची हाक मारावी म्हणून भारतीय अवकाश संशोधन संस्थेने २०१० पासून जे यंत्र दिले, ते बोलत असे. पण आपली हाक कोणी ऐकली की नाही, हे हाक मारणाऱ्याला कळत नसे. या यंत्राची दुसरी पिढी २०२४ साली आली आणि तीत हाक पोहोचल्याची पोच नौकेवर परत येण्याची सोय झाली. बुडत्या माणसाला त्या एका पोचेने केवढा धीर येत असेल!

नेमकी हीच पोच शासनाच्या इतर यंत्रव्यवहारात नाही, हे आमचे म्हणणे आहे. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर मच्छीमारांना ओळखपत्रे देण्यात आली आणि नौकांच्या नोंदणीवर कटाक्ष आला. सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच होते. ९ जानेवारी २०२५ पासून राज्याच्या किनाऱ्यावर ड्रोनची नजर सुरू झाली. देवगड हे त्याचे एक ठाणे. पर्ससीन जाळ्यांवर फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने बंधने आली, प्रखर विजेच्या दिव्यांनी मासळी ओढून घेण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, १९८१ चा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा २०२१ साली अधिक कडक झाला. हे सर्व ज्या लहान मच्छीमाराच्या रक्षणासाठी, त्याने रात्री क्षितिजावर दिव्यांचा झगमगाट पाहिला, तर त्याची तक्रार कोठे गेली, ड्रोनने काय टिपले, कोणत्या नौकेवर कारवाई झाली, दंड वसूल झाला की नाही, हे त्याला घरबसल्या समजावयास नको काय? सरकारला मच्छीमार दिसतो. मच्छीमारालाही सरकारचे काम दिसले पाहिजे.

हे मागणे अवाजवी नाही. महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा केला. अर्जाची पोच, ठराविक मुदत आणि मुदत टळल्यास अपील, ही त्याची तत्त्वे आहेत. दाखल्यासाठी जे तत्त्व योग्य, ते समुद्रावरील तक्रारीसाठी अयोग्य कसे ठरावे? प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यावा, तिचा निकाल मराठीत प्रसिद्ध करावा, आणि तो ग्रामपंचायतीच्या फलकावरही लावावा. कारण प्रत्येकाच्या हाती नवा मोबाइल असतोच असे नाही. सुरक्षेच्या दृष्टीने जे गुप्त ठेवावयाचे ते खुशाल ठेवावे. पण दंडाची पावती हे काही लष्करी रहस्य नव्हे.

उपग्रह काय किंवा ड्रोन काय, ते जनतेच्या पैशाने उडतात आणि त्या पैशात तोंडवलीच्या रापणकऱ्याचाही वाटा आहे. रापणीत जाळे ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो, हा या किनाऱ्याचा जुना न्याय आहे. शासनाने आपल्या नव्या जाळ्यालाही तोच न्याय लावावा.