‘कंपनी कळवंल की!’

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फिटरचं काम ऑगस्टअखेर सुटलं. त्याच्या घरी चहाला बसलो, तर एकाच खोलीत तीन मतं. तो म्हणाला, “ईएसआयचं कार्ड हाय की, काय काळजी न्हाई.” बायको म्हणाली, “अवो, काम सुटलं त्याच दिवशी कार्ड बंद.” मेहुण्याचा चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो, त्यामुळे त्याला सगळं माहीत. “दाजी, इमा पुढं कसा चालू ठेवायचा, त्याचं पत्र कंपनीला पाठवावंच लागतं. कळवंल की!”

मेहुण्याचं आधी मिटवू. तो सांगत होता तो कायदा अमेरिकेचा, १९८६ चा. नाव ‘कोब्रा’. ते ऐकून आपल्याकडच्या माणसाला नागांचं बत्तीस शिराळाच आठवणार. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाने ३० दिवसांत विमा योजनेच्या व्यवस्थापकाला कळवायचं आणि त्याने पुढच्या १४ दिवसांत कामगाराला. कामगाराला विचार करायला ६० दिवस. मग साधारण १८ महिने तोच विमा चालू ठेवता येतो, पण फुकट नाही. मालकाचा वाटाही आता कामगारानेच भरायचा, वर २ टक्के खर्चापोटी.

आपल्याकडे असं कलमच नाही. नोटीस आहे ती कामगारकपातीची. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांची भरपाई. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. आरोग्यविमा पुढे कसा चालू ठेवायचा हे कामगाराला लेखी कळवा, असं दोन्हीकडे कुठेही लिहिलेलं नाही. त्या पत्राची वाट बघत बसलेला माणूस न येणाऱ्या एसटीची वाट बघतोय.

आता नवरा-बायकोचं. त्यात बरोबर निघाला नवरा, पण का ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याची पगाराची चिठ्ठी मी हातात घेतली. पगार १८,४०० रुपये, ईएसआय कपात १३८ रुपये, म्हणजे पाऊण टक्का. मालक भरतो तो सव्वातीन टक्के वाटा वेगळा. महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला ही कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू. तिचं वर्ष दोन सहामाह्यांत मोडतं. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये उपचार आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये. एका सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी झाली असली की पुढची लाभाची सहामाही पक्की.

आमचा फिटर दोन वर्षं सलग कामाला होता. डिसेंबरपर्यंतचे उपचार त्याला आधीच्या हिवाळ्याच्या वर्गणीवर मिळणार. या एप्रिल ते ऑगस्टमध्ये ७८ दिवस केव्हाच ओलांडलेत, त्यामुळे पुढच्या ३० जूनपर्यंत तो, बायको आणि पोरं झाकलेली आहेत. काम सुटल्यावर तब्बल दहा महिने! हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे कळवायची सक्ती नाही याचा खरा तोटा हा, की हक्क असूनही माणूस खाजगी दवाखान्यात खिसा रिकामा करून येतो.

याहून मोठी गोम मात्र कागदावर आहे. मालक किंवा ठेकेदार दर महिन्याच्या वर्गणीचा तक्ता ऑनलाइन भरतो. कामगार कामावरून गेला की त्यात शेवटचा दिवस आणि कारण टाकावं लागतं. कारणांच्या यादीत ‘लेफ्ट सर्व्हिस’ आहे, तसं ‘रिट्रेंचमेंट’ही आहे. कारकून सवयीने पहिलं टाकतो. दोन वर्षं वर्गणी भरलेल्या कामगाराची नोकरी कारखाना बंद पडल्याने किंवा कपातीत गेली, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत कमाल २४ महिने बेकारी भत्ता मिळू शकतो आणि भत्ता चालू असेपर्यंत कुटुंबाला उपचारही. स्वतःहून सोडणाऱ्याला ते नाही. म्हणून “राजीनामा लिहून दे, हिशोब लगेच करतो” असं सुपरवायझर म्हणाला, की पेन खाली ठेवायचं.

ठेकेदार बदलला की नवा विमा क्रमांक घ्यायचा, हाही शिरवळपासून मिरजेपर्यंत पसरलेला गैरसमज. क्रमांक जन्मभर एकच. नवा घेतला की जुनी वर्गणी मोजायला अडचण.

साताऱ्यातल्या किंवा शिरवळच्या ज्या इंजिनिअर-सुपरवायझरांना ईएसआय नाही, कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे, त्यांचं गणित उलटं. तिथे बहुधा शेवटच्या दिवसाबरोबर विमाही संपतो, आईवडिलांचासुद्धा. पण त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाण्याची मुभा विमा नियामकाने दिली आहे. विमा कंपनी तब्येतीची छाननी करू शकते, हे धरून चाला. गेलात तर जुन्या आजारांच्या प्रतीक्षाकाळातली आधीची वर्षं मोजली जातात. हा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिने असतो. वडिलांना मधुमेह असेल तर ही वर्षं म्हणजे सोनं. एचआरकडून पॉलिसी क्रमांक, विमा कंपनीचं नाव आणि कधीपासून विमा होता याचा दाखला नोटीसकाळातच मागून घ्या. रिलीव्हिंग लेटर हातात पडल्यावर फोन कोण उचलतंय!

“काही नाही तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच,” असंही ऐकू येतं. आहे खरी. जुलै २०२४ पासून पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी, वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण ती यादीतल्या उपचारांना आणि यादीतल्या रुग्णालयांत. रोजच्या बीपीच्या गोळ्या त्यात नाहीत.

फिटरच्या बायकोने शेवटी कपाटातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. दोन महिन्यांच्या गायब होत्या. त्यांवर पोरांनी गणितं सोडवली होती. तुमच्या चिठ्ठ्या शोधा, ईएसआयच्या संकेतस्थळावर आपला क्रमांक टाकून वर्गणी खरंच जमा झाली का ते बघा, आणि नसेल तर शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.