बोरॉनचा उसना तिहेरी बंध

तिहेरी बंध म्हटला की बारावीच्या पुस्तकातलं ॲसिटिलीन आठवतं, नायट्रोजन आठवतो. कार्बनकडे बाहेरच्या कवचात चार इलेक्ट्रॉन, नायट्रोजनकडे पाच. तीन-तीन शेजाऱ्यासोबत वाटून घेणं त्यांना परवडतं. बोरॉनकडे मुळात तीनच. मग दोन बोरॉन अणूंमध्ये तिहेरी बंध कसा व्हावा?

दोन बोरॉन अणू नुसते एकत्र आले, तर सहा इलेक्ट्रॉनपैकी दोन बंध जोडणाऱ्या सिग्मा ऑर्बिटलमध्ये बसतात आणि दोन बंधविरोधी ऑर्बिटलमध्ये. या चौघांचा हिशेब फिटतो. उरलेल्या दोघांच्या जोरावर एकेरी बंध होतो. मात्र बंधविरोधी जोडी तिथून उठवून पाय ऑर्बिटलमध्ये बसवली, तर एक सिग्मा आणि दोन पाय असे तीन बंध मिळतात. अडचण एवढीच की ही उत्तेजित अवस्था असते आणि एकटी टिकत नाही. दोन्ही टोकांनी कुणी इलेक्ट्रॉनची एकेक जोडी पुरवली, तर ती टिकते. या जोड्या दात्याकडे झुकलेल्या राहतात, म्हणून मधला बंध शाबूत राहतो. थोडक्यात, उसन्या भांडवलावरचा संसार!

2002 मध्ये कार्बन मोनॉक्साइडला दाता करून असा रेणू गोठवलेल्या अरगॉनमध्ये दिसला होता, पण तो बाटलीत भरून ठेवण्यासारखा नव्हता. ते जमवलं जर्मनीतल्या वुर्त्सबुर्ग विद्यापीठात होल्गर ब्राउनश्वाइग यांच्या गटानं, 2012 मध्ये. दाता होता कार्बीन: जोडी देणारा कार्बन अणू आणि त्याभोवती आडदांड गटांची तटबंदी. प्रत्येक बोरॉनवर दोन ब्रोमीन आणि एक कार्बीन, अशा संयुगापासून सुरुवात झाली. सोडियम नॅफ्थॅलेनाइडनं चारही ब्रोमीन काढले. वाटेत दुहेरी बंधाचा टप्पा लागला, शेवटी हिरवे स्फटिक हाती आले. क्ष-किरणांनी मोजलं तर बोरॉन-बोरॉन अंतर सुमारे 145 पिकोमीटर. दुहेरी बंधात ते 155च्या आसपास असतं.

यावर वाद झाला. बलस्थिरांकावरून काहींनी हा बंध तिहेरी मानायला नकार दिला. मग रामन वर्णपटांतून त्याची ताकद मोजून उत्तर देण्यात आलं. मला तिहेरीचा दावा पटतो, पण वर्तनात हा बंध ॲसिटिलीनचा भाऊ मुळीच नाही. बोरॉन केंद्रकाची ओढ कार्बनपेक्षा कमी असल्यामुळे पाय इलेक्ट्रॉन सैल असतात आणि दुसऱ्याला सहज दिले जातात. गंधक किंवा सेलेनियम घातलं, तर त्यांचे अणू थेट दोन बोरॉनच्या मध्ये घुसतात. कार्बन मोनॉक्साइड दिला, तर त्याचे चार रेणू पकडून एकमेकांना जोडले जातात. खरं तर हा वायू असा जोडला जायला फारसा राजी नसतो.

कार्बीन बदललं की बंधही बदलतो. पाय इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढणारं कार्बीन लावलं, तर मधलं अंतर 149 पिकोमीटरपर्यंत वाढतं, बोरॉन-कार्बन बंध आखडतात आणि चार अणूंची दुहेरी बंधांची साखळी तयार होते. हीच साखळी साध्या तापमानाला, कुठल्याही उत्प्रेरकाविना हायड्रोजनचा रेणू फोडून दोन्ही बोरॉनवर बसवते. ॲसिटिलीनला त्यासाठी पॅलेडियमसारखा धातू लागतो.